शिस्तीचे मार्क

मुंबईला मोर्चाचं वावडं नाही. फक्त तो कुणाच्या वाटेत येऊ नये.

मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून १८० किलोमीटर चालत आला आणि त्याने हीसुद्धा अट पाळली. मुक्काम शीवच्या सोमय्या मैदानावर होता, दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर. पोरांचा खोळंबा नको म्हणून तळपाय सोललेले हजारो आदिवासी शेतकरी मध्यरात्री उठून चालू लागले आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात जाऊन बसले. मुंबईला जाग आली तेव्हा रस्ते मोकळे होते. मग मुंबई गहिवरली. चपला वाटल्या, बिस्किटं वाटली, शिस्तीचं तोंडभर कौतुक केलं. एका खासदारबाईंना तेवढा त्यात शहरी माओवाद दिसला.

मुख्य मागणी काय होती? पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली वनजमीन नावावर करा. वनहक्क कायदा २००६ चा. म्हणजे सरकारने केलेला कायदा सरकारनेच पाळावा, एवढं सांगायला हे लोक आठवडाभर चालले. दावे सहा महिन्यांत निकाली काढू, असं लेखी आश्वासन मिळालं. सोबत परतीसाठी खास रेल्वेगाड्याही मिळाल्या. दोन्हींपैकी मुक्कामाला पोचल्या त्या गाड्या.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मोर्चा पुन्हा निघाला, पुन्हा आश्वासन घेऊन परतला. मार्च २०२३ मध्ये आणखी एकदा निघाला, तो वाशिंदलाच थांबला. या वेळी मागण्यांत कांद्याचा भाव होता आणि वनजमीनही यादीत होतीच. मुंबईपर्यंत यावंच लागलं नाही, त्यामुळे गहिवरायचीही गरज पडली नाही.

मंत्र्यांच्या ताफ्यासाठी रस्ता अडवला तर आपण मुकाट घड्याळ बघतो. मोर्चासाठी अडला तर थेट न्यायालयाची आठवण काढतो. आंदोलन जरूर करा, पण कुणाला त्रास देऊ नका, हा सल्ला देणारे बहुतेक जण असे असतात की ज्यांना सातबाऱ्यावर नाव लावायला कधी चालावं लागलेलं नाही. त्रास न देणाऱ्या आंदोलनाला कौतुक भरपूर मिळतं, कारण कौतुकाला तिजोरी उघडावी लागत नाही.

शेतकऱ्यांनी दुसऱ्यांच्या पोरांच्या पेपरची वेळ पाळली. सरकारला स्वतः लिहून दिलेली मुदत पाळता आली नाही. तरी पुढचा मोर्चा निघाला की शिस्तीचा तास भरणार तो शेतकऱ्यांचाच.