भागिले बावन्न

उंच माणसांचं बेरजेवर भागतं, आम्हा बुटक्यांना भागाकार यावा लागतो. माझी उंची डॉक्टरांनी मोजली तर पाच फूट एक इंच, आणि लग्न जुळवताना मामांनी सांगितली ती पाच फूट चार. वजनाबद्दल मात्र कुणाचं दुमत नाही. बावन्न किलो. पावसात भिजून आलो तर साडेबावन्न.

डोंबिवलीतल्या ज्या जिममध्ये मी संध्याकाळी जातो, तिथे सोमवारी सगळे चेस्ट मारतात. सोमवारीच का, हे कुणी सांगू शकत नाही. उपासासारखंच ते ठरून गेलेलं आहे. बेंच दोनच आहेत. एकावर मी ६० किलो उचलतो, दुसऱ्यावर शेठ १०० किलो उचलतात. शेठ म्हणजे स्टेशनजवळच्या कापडदुकानाचे मालक, वजन ११० किलो, स्वभावाने लोणी. शेठ आडवे झाले की ट्रेडमिलवरची माणसं माना वळवतात, दोन पोरं रॉडच्या दोन टोकांना सपोर्टला उभी राहतात आणि "शेठ, तुमचंच आहे, तुमचंच आहे" असा गजर सुरू होतो. मी आडवा झालो की एक पोरगा जवळ येऊन विचारतो, "काका, किती सेट राहिले?"

अशा वेळी माणूस अध्यात्माकडे वळतो किंवा गणिताकडे. मी बँकेत कर्ज विभागात असल्यामुळे गणिताकडे वळलो. आमच्याकडे हप्ता किती हजारांचा, याला स्वतंत्र अर्थ नसतो. पगाराच्या किती टक्के, ते पाहतात. तोच न्याय बेंचला लावला. माझे ६० भागिले ५२, म्हणजे १.१५. शेठचे १०० भागिले ११०, म्हणजे ०.९१. सोप्या मराठीत सांगायचं तर मी माझ्याहून जड वस्तू उचलतो आणि शेठना शेठ उचलत नाहीत.

हा निकाल मी ताबडतोब ट्रेनरला कळवला. तो म्हणाला, "सर, पाणी पिऊन घ्या."

घरी येऊन वाचायला बसलो, तर माझ्या बाजूने फार मोठमोठी माणसं उभी असल्याचं आढळलं. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात हा मुद्दा मांडून ठेवला आहे. एखादा माणूस घ्या आणि त्याला लांबी, रुंदी, जाडी अशा तिन्ही बाजूंनी दुप्पट करा. त्याचं वजन आठपट होईल. पण स्नायूची ताकद ठरते त्याच्या आडव्या छेदावर, आणि छेद वाढतो फक्त चौपट. म्हणजे ताकद चौपट, ओझं आठपट. राक्षस झालेला हा गृहस्थ स्वतःच्या मानाने निम्माच बलवान उरतो. पुढे १९२६ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या योग्य आकारावर एक सुंदर निबंध लिहून याच हिशेबाने गोष्टींतल्या राक्षसांच्या मांड्यांची हाडं मोडून दाखवली. हे हाल्डेन नंतर १९५७ साली कायमचे भारतात आले. ते स्वतः चांगले आडदांड होते. धिप्पाड माणसाने धिप्पाडपणाविरुद्ध साक्ष दिली, की ती कोर्टात जास्त टिकते.

शिवाय बेंच प्रेस हा प्रकारच आमच्यासाठी काढला असावा, अशी मला शंका आहे. रॉड छातीला टेकवायचा आणि हात सरळ होईपर्यंत वर न्यायचा. हात जितके आखूड, तितका प्रवास कमी. आयुष्यभर मी तयार शर्टांच्या बाह्या दुमडत आलो, लोकलमध्ये कडीला हात पोचत नाही म्हणून दुसऱ्याच्या बॅगेला धरून प्रवास केला, त्या सगळ्याची भरपाई परमेश्वराने या एका बाकड्यावर केली आहे. अडचण एकच. बाकडं जमिनीपासून साधारण ४२ ते ४५ सेंटिमीटर उंच असतं आणि पाय जमिनीवर सपाट टेकवावे लागतात. माझे टेकत नाहीत. पण आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंगच्या नियमांत आमचीही सोय आहे: पायांखाली ३० सेंटिमीटरपर्यंत उंचीचे ठोकळे किंवा प्लेटा घेता येतात. त्यामुळे शेठ ज्या निळ्या प्लेटा रॉडला लावतात, त्यांतल्या दोन मी पायांखाली घेतो. शेठ आपल्याला हव्या असल्या की अदबीने विचारतात, "साहेब, जरा पाय उचलता का?" मी पाय उचलतो. मग ते प्लेटा उचलतात.

आमच्या जमातीने या प्रकाराचा थोडा गैरफायदाही घेतला, हे नमूद करायला हवं. पाठीची अशी काही कमान करायची आणि हात इतके फाकवून रॉड धरायचा, की छाती स्वतःच रॉडच्या भेटीला वर येते. काही लवचिक, हलक्या खेळाडूंचा रॉड चार बोटंसुद्धा हलत नव्हता आणि पंचांचे पांढरे दिवे मात्र लागत होते. शेवटी २०२३ पासून नियम आला, की रॉड खाली आला तेव्हा कोपराची खालची बाजू खांद्याच्या वरच्या पातळीपर्यंत तरी उतरली पाहिजे. माझी पाठ कमान करायला गेली की कटकट वाजते, त्यामुळे या सुधारणेला मी मनापासून पाठिंबा दिला.

पण खरी माणसं पाहायची तर पॅरालिम्पिकमध्ये पाहावीत. तिथे पॉवरलिफ्टिंग म्हणजे फक्त बेंच प्रेस. पाय बाकड्यावरच, हवे तर पट्ट्याने बांधून; पायांनी जोर देण्याचा प्रश्नच नाही. जे काही करायचं ते छाती, खांदे आणि दंडांनी. २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये पंजाबच्या राजिंदर सिंग राहेलू यांनी ५६ किलो गटात १५७.५ किलो उचलून कांस्यपदक आणलं. भागाकार करा: २.८ च्या वर. लहानपणी पोलिओने पाय गेलेला हा माणूस स्वतःसारखे जवळजवळ तीन जण छातीवरून वर ढकलतो. आणि तुर्कस्तानच्या नझ्मिये मुरातली यांनी २०१२ साली लंडनमध्ये ४० किलो गटात १०९ किलो उचलून विश्वविक्रम केला. चाळीस किलो! आमच्या हिच्या बहिणीची प्रवासाची बॅग त्याहून जड भरेल. उलट बाजूला अमेरिकेचे ज्युलियस मॅडॉक्स. रॉड ढकलायला जोर देणाऱ्या घट्ट बेंच शर्टाच्या मदतीशिवाय सर्वांत जास्त वजन उचलण्याचा मान त्यांचा, २०२१ मध्ये ३५५ किलो. मॅडॉक्स यांचं स्वतःचं वजन मात्र दोनशे किलोंच्या आसपास. दुप्पटसुद्धा भरत नाही. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. फक्त भागाकार केल्यावर तो थोडा कमी होतो.

बेंच सोडून इतर प्रकारांत गेलो, तरी आमचेच लोक भेटतात. वेटलिफ्टर नईम सुलेमानओलू, उंची पाच फुटांच्या आत; त्यांनी १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये ६० किलो गटात १९० किलो डोक्यावर नेले. वजनाच्या तिपटीहून जास्त. त्यांना 'पॉकेट हर्क्युलिस' म्हणत. त्यांच्याही आधी हे बिरुद आपल्या मनोहर आइच यांच्याकडे होतं. चार फूट अकरा इंचांचा हा बंगाली गडी १९५२ मध्ये आपल्या उंचीच्या गटात मिस्टर युनिव्हर्स झाला आणि २०१६ पर्यंत, वयाच्या शंभरीनंतरही, जगला. त्याच १९५२ साली कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले, तेही बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटातून. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आपल्याकडे गावोगावच्या जत्रांत टाळ्या पडतात त्या शेवटच्या कुस्तीला, दोन डोंगर भिडतात तेव्हा. पण देशाच्या खात्यात पहिली नोंद केली ती सत्तावन्न किलोंनी.

हे सगळं मी एका रविवारी जेवताना घरच्यांना सांगितलं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या तुर्की बाईंच्या हिशेबाने तू किती उचलायला हवेस?"

मी मनातल्या मनात ५२ ला २.७२५ ने गुणलं आणि आमटी वाढून घेतली. उत्तर जवळपास १४२ येतं.

लेक भौतिकशास्त्र शिकते. तिच्या कॉलेजची फी मी वेळेवर भरतो आणि त्याचा परतावा असा मिळतो. ती म्हणाली, "बाबा, तुझा भागाकार तुझ्याच बाजूने झुकलेला आहे. ताकद जर वजनाच्या दोन-तृतीयांश घातानेच वाढत असेल, तर वजनाने सरळ भागलं की लहान माणूस फुकटात जिंकणार. तुझ्या गॅलिलिओनेच तुला ग्रेस मार्क दिलेत." मग तिने मोबाइल काढला. १९५६ सालीच लिट्झ्के नावाच्या संशोधकाने 'सायन्स' या नियतकालिकात वेटलिफ्टिंगचे विक्रम मांडून हा दोन-तृतीयांशाचा नियम जुळतो, असं दाखवलं होतं म्हणे. स्पर्धांमध्ये वेगवेगळ्या वजनगटांतल्या खेळाडूंची तुलना करायला सरळ भागाकार वापरतच नाहीत; विल्क्स नावाचं एक सूत्र कित्येक वर्षं चाललं, नंतर दुसरी आली. बँकेत व्याजदर बदलतात, तशी ही मंडळी सूत्रं बदलतात. आणि ग्राहकाला दोन्हीकडे काही कळत नाही.

"शेठचं आणि तुझं करू का?" तिने विचारलं. मी नको म्हणेपर्यंत तिने केलंसुद्धा. बावन्न किलोंच्या माणसाचे ६० किलो म्हणजे एकशेदहा किलोंच्या माणसाचे किती? उत्तर आलं ९८.९.

शेठ १०० उचलतात.

जो माणूस ०.९१ वर पडला होता, तो एका किलोने माझ्या पुढे निघाला. मला ती रात्र बरी गेली नाही. एकदा वाटलं, सूत्रच न सांगितल्यासारखं करावं. जिममध्ये घातांक कुणाला येतात? पण बँकेची सवय. वहीत आलेला आकडा पुसता येत नाही.

मग मी कलमं शोधू लागलो. पॉवरलिफ्टिंगमध्ये वयाचीही सवलत आहे. चाळिशीपासून मास्टर्स गट सुरू होतात आणि जुन्या कोष्टकांत वयानुसार गुणक दिलेला असतो. चाळिसाव्या वर्षी तो बरोबर एक, म्हणजे फायदा शून्य, पन्नाशीला १.१३. मी एकावन्न वर्षांचा आहे. ६० ला १.१३ ने गुणलं तरी ६७.८ होतात आणि शेठ कुठल्या कुठे मागे पडतात. विषय संपला होता. फक्त जिमच्या फॉर्मवर मी वय ३९ लिहिलेलं आहे. बुटक्या माणसाचं वय कळत नाही, हा आमचा आणखी एक नैसर्गिक लाभ. तो घेताना पुढे गुणक आडवा येईल, हे कुणाच्या लक्षात येणार? ट्रेनरने माझ्या वयाचं कौतुक करून दोन नव्या मेंबरांना माझा दाखलाही दिला आहे. आता एका किलोसाठी बारा वर्षं कबूल करायची म्हणजे व्याज मुदलाहून जड.

साठाचे एकसष्ट करावेत, हा सरळ मार्ग आहे, मान्य. तो करून पाहिला. रॉड छातीवर आला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. शेठच धावत आले, दोन बोटांनी त्यांनी तो वर घेतला आणि म्हणाले, "साहेब, आज झोप झाली नाही वाटतं." दोन बोटांनी. भागाकार करण्याची तेव्हा माझी मनःस्थिती नव्हती.

तेव्हा राहता राहिला शेठचा भाजक. लेकीच्याच मोबाइलवर, ती अंघोळीला गेली असताना, मी उलटा हिशेब मांडला. शेठ ११० चे ११२ झाले आणि १०० च उचलत राहिले, तर माझे ६० त्यांच्या १०० च्या पुढे जातात. केसभर, पण पुढे. हवेत दोन किलो. माझ्या अंगावर नाही, त्यांच्या अंगावर.

सध्या व्यायाम झाला की मी आणि शेठ कोपऱ्यावरच्या गाडीवर थांबतो. पैसे मीच देतो. शेठ लाजतात, "साहेब, रोज रोज काय" म्हणतात, पण तिसऱ्या वडापावपर्यंत ती लाज ओसरते. शनिवारी मिसळ, तर्री आणि पाव मागाल तितके. "तुमच्यासारखा दिलदार माणूस जिममध्ये दुसरा नाही," असं ते परवा म्हणाले आणि मला भरून आलं. काल वजनकाट्यावर ते १११.२ भरले. ट्रेनर त्यांना रागावला, डाएट लिहून दिला, तेलकट एकदम बंद सांगितलं. शेठनी तो कागद गाडीवर मला दाखवला आणि विचारलं, "साहेब, यात काही तथ्य आहे का?"

मी चष्मा लावून सगळा कागद नीट वाचला आणि त्यांना अजून एक वडा सांगितला.