टर्कीचा मुहूर्त

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणासाठी टर्की स्वस्त होते. सणाच्या तोंडावर खोबऱ्यापासून झेंडूपर्यंत सगळं महागतं, हे बघत वाढलेल्या माणसाला यात काहीतरी काळंबेरं वाटतं. तसं काही नसतं. टर्कीपुरती दुकानदार झळ सोसतो, कारण ती न्यायला आलेलं गिऱ्हाईक बटाटे, लोणी, क्रॅनबेरी, भोपळ्याचा पाई हे सगळं तिथूनच उचलतं. काही दुकानं तर ठरावीक रकमेच्या खरेदीवर टर्की फुकट देतात. आणि फुकट म्हटलं की भल्याभल्यांचा हिशेब सुटतो. जेवायला माणसं सहा, त्यांतली दोन शाकाहारी, एकाचे दुधाचे दात अजून पडायचेत. तरी हात जातो तो 20 पौंडांच्या धुडाकडे. माणशी दीड पौंड धरला तरी हाडांसकट पुरून उरतो, पण हे त्या वेळी सुचत नाही.

मग आठवडाभर घरात चर्चा चालते ती मसाल्याची. तंदुरी लावायचा की मालवणी, दह्यात मुरवायची की लोणी चोळायचं. बर्फाचं काय, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते थँक्सगिव्हिंगचं जेवण बिघडतं ते इथेच.

जाळीच्या पिशवीतून घरी येते ती टर्की नसते, नऊ किलोचा गोठलेला दगड असतो. तो फ्रिजमध्ये 4 अंश सेल्सियसच्या आत ठेवला तर बर्फ सुटायला दर चार-पाच पौंडांना एक अख्खा दिवस लागतो. म्हणजे 20 पौंडांना चार ते पाच दिवस. सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. 1941 साली अमेरिकी संसदेने तो कायद्यानेच तसा पक्का केला, त्यामुळे मोजदाद सोपी आहे. गुरुवारपासून उलटं मोजत शनिवारी यायचं. रविवार म्हणजे उशीरच.

पण ठेवायची कुठे? मराठी घरातल्या फ्रिजमध्ये इडलीचं पीठ, विरजण, ओल्या खोबऱ्याचा डबा आणि मागच्या शनिवारची उसळ अशी पिढीजात वस्ती असते. टर्कीला खोलगट ताटात घालून सगळ्यांत खालच्या कप्प्यात ठेवावं लागतं, कारण तिचं पाणी गळतं आणि ते दुसऱ्या कशावर पडता कामा नये. एवढ्यात भारतातून आलेल्या शाकाहारी सासूबाई फ्रिज उघडतात. “अगं, हे खाली झाकून काय ठेवलंयस?” त्यानंतर वरच्या कप्प्याला सोवळं लागू होतं.

ओट्यावर ठेवून मोकळं व्हावं असा मोह होतो. करू नये. बाहेरचं मांस कोमट होऊन जिवाणूंची जत्रा भरते, आत मात्र बर्फ तसाच असतो. बुधवारी जाग आलीच तर दुसरा मार्ग आहे: पाणी शिरणार नाही अशा पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवायची, पौंडाला अर्धा तास, आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. 20 पौंडांना दहा तास. तेवढी रात्र जागायला घरात कुणीतरी रिकामं लागतं, आणि त्यानंतर ती लगेच शिजवावीही लागते.

बर्फ सुटला की नाही, हे बाहेरून दाबून कळत नाही. पोटाच्या पोकळीत हात घालायचा. बोटांना कुरकुर लागली तर अजून अवकाश आहे. आत मान, कलेजी आणि पेटा यांची एक पुडीही सापडते. ती काढायची राहून पक्ष्याबरोबरच भाजली गेली, अशी घरं पुष्कळ आहेत. असल्या प्रसंगांसाठी बटरबॉल ही टर्की विकणारी कंपनी 1981 पासून दर हंगामात फोनवर सल्ला देते. आपल्याकडे पुरण सैल झालं की आत्याला फोन जातो. इथे आत्या पगारी आहे, आणि ती टोमणे मारत नाही.

एवढं करून गुरुवारी सकाळीही आत बर्फ असेल, तर उकळत्या तेलात सोडायचा विचार मात्र करू नका. बर्फाची क्षणात वाफ होते, तेल उसळतं आणि आग लागते. ओव्हनमध्ये गोठलेली टर्कीसुद्धा निर्धोक भाजता येते, फक्त वेळ दीडपट लागतो. मांडीत आणि छातीत खुपसलेल्या तापमापीचा काटा 74 अंश सेल्सियस दाखवेपर्यंत थांबायचं. पाहुण्यांना फोन करून सांगा, सहाऐवजी नऊला या. आणि येताना थोडी भजी आणा.