बदलू नये, गोंधळ होतो

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेनऊला पडणारी एक सूचना चिकलठाण्यातल्या पालकांना आता तोंडपाठ झाली आहे. 'सर्व विद्यार्थ्यांचा पासवर्ड जन्मतारीख ठेवला आहे. कृपया कोणीही बदलू नये, गोंधळ होतो.' पुढे जोडलेले दोन हात. खाली एक्सेलची यादी: नाव, आईचे नाव, जन्मतारीख, मोबाइल. त्याखाली चाळीस पालकांचे चाळीस अंगठे.

त्याच दिवशी सकाळी मुलांना मैदानात उन्हात बसवून सायबर सुरक्षेचे व्याख्यान झालेले असते. पासवर्ड मित्राला सांगायचा नाही, ओटीपी तर देवालाही नाही. टाळ्या, फोटो, आभार. दुपारी ग्रुपवर: 'फॉर्म भरणे चालू आहे. ओटीपी आला असेल त्यांनी ताबडतोब इथेच टाकावा.'

आठ आकडी पासवर्डचे दहा कोटी प्रकार होतात. चोराला घाम फुटावा. पण तो सातवीतल्या पोराची जन्मतारीख आहे एवढे कळले, की साले उरतात दोन-तीन आणि तारखा हजारभर. तेवढेही कष्ट कशाला? मुकुंदवाडीकडून जालना रोडने चिकलठाण्याकडे या. खांबाखांबावर गॉगल लावलेले सहा वर्षांचे 'छोटे सरकार' उभे आहेत, मागे सिंह, बाजूला तलवार, खाली ठळक तारीख आणि शुभेच्छुकांचे तीस चेहरे. पासवर्ड बारा बाय आठ फुटांत, रात्री हॅलोजनसह!   नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, एवढी एकच गोष्ट या शहरात अजून गुप्त राहिली आहे.

जुन्या पिढीचे बरे होते. नाव दाखल करताना गुरुजी सरसकट 1 जून लिहीत. त्यामुळे मराठवाड्यात आजोबा, त्यांचे चुलतभाऊ आणि शेजारी कागदोपत्री एकाच दिवशी जन्मले. अख्ख्या गावाला एक पासवर्ड पुरला असता. गोंधळ अजिबात नाही.

ई-आधारच्या पीडीएफचे कुलूपही नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल यांवर उघडते. यादीत दोन्ही रकाने आहेतच.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-सीखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचे सगळे बालक धरले आहेत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे. चाळीस अंगठे म्हणजेच ती संमती, असा ग्रुपचा समज दिसतो.

आणि गोंधळ म्हणजे नेमका कोणाचा? पासवर्ड बदलला तर संगणकाच्या तासाला चार पोरे 'सर, विसरलो' म्हणतील, एवढाच. तो टाळण्यासाठी अख्ख्या वर्गाच्या किल्ल्या चौकात टांगायच्या! उद्या एखाद्या मुलीच्या खात्यात कोणी शिरून तिच्या नावाने घाणेरडे मेसेज पाठवले, तर शाळेचे बोलावणे तिच्याच घरी येते. एमआयडीसीतली पाळी बुडवून बाप येतो, ऑफिसबाहेरच्या बाकावर टोपी हातात घेऊन तासभर बसतो, आणि त्याला ऐकवले जाते की पालकांनी मुलांवर लक्ष ठेवावे. यादी कोणी टाकली, हे त्याने विचारायचे नसते.

तर पालकहो, यादी ग्रुपवरून काढायला लावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून पोराला लांबलचक पासवर्ड करू द्या. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर लगेच 1930 वर फोन करा. आणि पासवर्ड बदलल्यावर 'बदलला, नवीन खालीलप्रमाणे' असे ग्रुपवर कळवू नका.