दोनच मिनिटं

रात्री साडेअकराला कर्वे रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून कंटाळतो, पण दिवा लाल असला की अण्णामामांची गाडी पांढऱ्या पट्टीच्या वीतभर अलीकडे थांबलेली असते. दुधाच्या रांगेत मध्येच घुसणाऱ्याच्या संस्कारांची ते आईवडिलांपासून चौकशी करतात. सम तारखेला गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला लावायची आणि विषम तारखेला कुठल्या, हे पुण्यात दोघांनाच नक्की ठाऊक आहे असं मामी म्हणते. एक आमचे मामा आणि दुसरा गाड्या उचलून नेणारा टेम्पोवाला. फुटपाथवरच्या अतिक्रमणाबद्दल मामांची चार पत्रं वर्तमानपत्रात छापून आलीत. चारही कात्रणं लॅमिनेट केलेली आहेत.

असा हा माणूस मॉलच्या तळघरात उतरला की सरळ लिफ्टजवळच्या त्या निळ्या चौकोनात, व्हीलचेअरच्या चित्रावर गाडी घालतो, चारही इंडिकेटर लावतो आणि म्हणतो, "दोनच मिनिटं."

यात इंडिकेटर फार महत्त्वाचे. दिवे उघडझाप करत असतील तर गाडी 'लावलेली' नसते, ती नुसती 'थांबलेली' असते, असा मामांचा सिद्धांत आहे. त्याला जोड म्हणून मामीला पुढच्या सीटवर बसवून ठेवायचं. "तू बस. कोणी आलंच तर काढू." मामीला गाडी चालवता येत नाही. ती मांडीवर पर्स घेऊन बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून ओशाळं हसते. एकदा सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, "साहेब, पेशंट आहे का गाडीत?" मामांनी मामीकडे बोट दाखवलं, "यांना संधिवात आहे." मामीनं काच खाली केली. ती रोज सकाळी पर्वती चढते. म्हणाली, "संधिवात यांच्या आईंना होता. त्याही आता नाहीत."

मी कितीदा सांगितलंय, "मामा, ही जागा अपंगांची आहे."

"दिव्यांगांची," ते लगेच दुरुस्त करतात.

2015 च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी हा शब्द सुचवला, तेव्हापासून मामांनी तो सोवळ्यासारखा पाळलाय. जेवताना कोणाच्या तोंडून चुकून 'अपंग' निघालं, तर हातातला घास खाली ठेवून ते शब्द बदलायला लावतात. शब्दाच्या बाबतीत मन फार मोठं. जागेचा विषय निघाला की मात्र त्यांचा एकच प्रश्न असतो, "अरे, पण येतंय कोण?"

हे त्यांचं पालुपद. जागा रिकामी आहे, म्हणजे कोणी येत नाही. कोणी येत नाही, म्हणजे जागा वाया चाललीय. आणि वाया जाणारी गोष्ट मामांना बघवत नाही. आदल्या दिवशीची पोळी ते फोडणीची करून खातात, त्याच काटकसरीनं ते ही जागा वापरतात. एकदा मी तावातावानं म्हणालो, "2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग मोजले गेलेत." मामांनी हँडब्रेक ओढत विचारलं, "मग? सगळे आजच बनियन घ्यायला येणारेत का?"

आता गंमत अशी, की ती जागा कशासाठी असते हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. बांधकाम खात्यात आयुष्य गेलं. ही जागा 3.6 मीटर रुंद हवी आणि इमारतीच्या दारापासून 30 मीटरच्या आत हवी, हे ते झोपेतही सांगतील. साध्या गाडीला अडीच मीटर पुरत असताना ही इतकी ऐसपैस का, हे मला त्यांनीच त्याच जागेत उभं राहून हातवारे करून समजावलं. "दार पूर्ण उघडायला पाहिजे. मग शेजारी खुर्ची लावायची. मग हातांच्या जोरावर सीटवरून खुर्चीवर सरकायचं. मधे हा एवढा पट्टा मोकळा नसेल तर माणूस गाडीतच अडकला ना!" मला भरून आलं. मामांनी दार पूर्ण उघडलं, आरामात उतरले आणि म्हणाले, "म्हणून तर इथं लावायला बरं. दाराला ओरखडा येत नाही."

त्यांच्या सोसायटीतही अशी एक जागा आहे. मंजूर नकाशात होती म्हणून मामांनीच, सेक्रेटरी असताना, पेंटरला उभं करून ती आखून घेतली आणि नारळ फोडला. पहिल्याच महिन्यात तिथं तात्पुरत्या सिमेंटच्या गोण्या आल्या, मग गणपतीच्या मांडवाचे बांबू, मग दुसऱ्या मजल्यावरच्यांचा सोफा. सोफा दोन पावसाळे राहिला. तो गेला तेव्हा जागा ओस पडू नये म्हणून मामांची गाडी आली. पुढच्या उजव्या चाकाखाली रोज घासून घासून चित्रातल्या माणसाचं डोकं पुसलं गेलंय. हे चित्र सुझान कोफोड नावाच्या डेन्मार्कच्या एका विद्यार्थिनीनं 1968 साली काढलं, तेव्हा त्यात नुसतीच खुर्ची होती. डोक्याचा गोल नंतर दुसऱ्यांनी बसवला. मामांच्या टायरनं ते पुन्हा मूळ पदावर आणून ठेवलं, एवढंच.

दुसऱ्या कोणी तिथं गाडी लावली, तर मात्र मामांच्या अंगात चौकीदार संचारतो. एकदा एक पंचविशीचा मुलगा त्या जागेत गाडी लावून चालत निघाला. मामांनी त्याला अडवलं. "चांगला धडधाकट दिसतोस की! लाज नाही वाटत?" मुलानं पाकिटातून दिव्यांगाचं कार्ड काढलं आणि शांतपणे सांगितलं, की हिमोफिलिया आहे, जरा जास्त चाललं तरी गुडघ्यात रक्त उतरतं. बिचाऱ्याला सवय असावी. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात एकवीस झाले, आणि त्यातले कितीतरी बघून कळतच नाहीत. मामांनी कार्ड चष्मा वर करून वाचलं, दोन्ही बाजूंनी वाचलं, परत दिलं. "दिसत नाही हं पण," ते म्हणाले. त्यांच्या परीनं ही माफी होती.

मग ती नाटकाची संध्याकाळ. मामा तिकिटं घ्यायला खिडकीवर गेलेले, मामी गाडीत, मी गाडीला टेकून उभा. चार दिवे लुकलुकतायत. मागे एक छोटी पांढरी गाडी येऊन थांबली. काचेवर व्हीलचेअरचं स्टिकर, मागच्या सीटवर घडी घातलेली खुर्ची. चालवणारी बाई तिशीची असेल, एकटीच. तिनं हॉर्न दिला नाही. आधी आमच्या गाडीकडे पाहिलं, मग मामीकडे. मामी सवयीनं हसली. बाईंनी गाडी पुढे घेतली, पार्किंगला एक चक्कर मारली, मग दुसरी. पलीकडे दोन गाड्यांच्या मधे एक जागा होती. तिथं त्या क्षणभर थांबल्या, बघितलं, आणि फाटकातून बाहेर पडल्या.

मामा तिकिटं नाचवत आले. मी सांगितलं.

"मग थांबायचं ना! मी काढली असती." ते फाटकाकडे बघत म्हणाले. "आणि ती तिकडची जागा रिकामी आहे की." तिकडे त्यांचं लक्ष गेलं आणि आतला इंजिनिअर आपोआप जागा मोजू लागला. ओठ हलताना मला दिसले. "सव्वादोन," ते पुटपुटले. "फार तर."

मध्यंतरात त्यांनी बटाटेवडा घेतला आणि तसाच माझ्या हातात दिला. त्या नाटकाबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत, आणि एरवी ते नाटक पाहून आल्यावर नेपथ्यापासून सुरुवात करतात. पण एवढ्यानं माणूस बदलतो असं नाही. पुढच्या सोमवारी बँकेसमोर पुन्हा दोनच मिनिटं.

गेल्या वर्षी त्यांचे दोन्ही गुडघे बदलले. तीन महिने वॉकर. गाडी मी चालवायची, मामा शेजारी बसून गिअर सांगणार. पहिल्यांदा बाहेर पडलो ते नाटकालाच. निळी जागा चक्क मोकळी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आम्हांला तिथं थांबायला निदान सांगण्यासारखं कारण होतं. मी चाक वळवलं.

"इथं नको."

"का?"

"मी काय अपंग आहे?" इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून तो जुना शब्द ऐकून मामी मागच्या सीटवर दचकली.

"मग दाराशी सोडतो."

"सोडायला मी काय पार्सल आहे? लाव तिकडे, भिंतीपाशी."

भिंतीपाशी लावली. वॉकर काढून दिला. तिथून दारापर्यंत साठेक मीटर असेल, म्हणजे त्यांच्या पुस्तकातल्या अंतराच्या दुप्पट. वॉकर पुढे, मग एक पाय, मग दुसरा. मामा तोंडानं मोजत होते. मी शेजारून चालत होतो, मदत करायची नाही अशी सक्त ताकीद होती. निम्म्यावर आलो तेव्हा कपाळावर घाम होता. "तीस मीटर म्हणजे बरंच असतं रे," ते म्हणाले आणि थांबले.

आम्ही बरोबर निळ्या जागेपाशी आलो होतो. पण एव्हाना तिथं एक भलीमोठी काळी गाडी येऊन उभी होती. चारही दिवे उघडझाप करत होते. पुढच्या सीटवर मांडीवर पर्स घेतलेल्या एक काकू बसल्या होत्या. आम्हांला बघून त्या ओशाळं हसल्या. मामीनंही ओळख असल्यासारखं हसून उत्तर दिलं.

मामा वॉकरसकट वळले आणि काचेपाशी वाकले. आता बोलणार, म्हणून मी मनातल्या मनात त्या काकूंची क्षमा मागितली.

"गाडी येते का हो तुम्हाला चालवता?"

"नाही हो," काकू म्हणाल्या. "पण हे येतीलच आता. दोन मिनिटांत."

मामांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग वॉकर बाजूला सरकवला आणि त्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर हळूच टेकले.

"बसू द्या जरा," ते म्हणाले. "दोनच मिनिटं."