श्रावणातली बटणं

मशरूमला शाकाहारात घ्यायचं की नाही, हा प्रश्न आमच्या घरात अजून निकालात निघालेला नाही. दुधी, पडवळ, फरसबी यांना कुणी कधी कूळ-गोत्र विचारलं नाही. मशरूमला मात्र दर वेळी उंबऱ्याबाहेर उभं राहून दाखला द्यावा लागतो. सासूबाईंचं म्हणणं, "जे मटणासारखं चावावं लागतं ते मटणच." त्यांनी जन्मात मटण चाखलेलं नाही, ही गोष्ट अलाहिदा. खरं तर शास्त्र त्यांच्याच बाजूचं आहे. बुरशी ही वनस्पती नव्हेच, आणि जीवसृष्टीच्या वंशावळीत ती वांग्यापेक्षा कोंबडीला जवळची. हे मी घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगायचा विचारही नाही.

गंमत म्हणजे याच सासूबाई पावसाळा लागला की बदलापूर स्टेशनाबाहेर ठाकूर-कातकरी बायकांच्या टोपल्यांत डोकावत फिरतात. शेवळं, टाकळा, कुरडू, करटुली हे तर हवंच; पण एखादीकडे पानाखाली झाकलेली अळंबी दिसली की यांचा आवाज आपोआप खाली येतो, जणू दुसऱ्या गिऱ्हाइकाला सुगावा लागू नये. ही अळंबी वारुळावर उगवते. वाळवी जमिनीखाली बुरशीची शेती करते, आणि पावसात त्या शेतातून ज्या छत्र्या वर येतात त्या आपण खातो. कुठल्या वारुळावरची, असं विचारलं तर "रानातली" एवढंच उत्तर मिळतं. तेही बरोबरच आहे, ठिकाण सांगितलं की धंदा बसला. आपण हौसेने तोडायला मात्र जाऊ नये. विषारी छत्री ओळखण्याचा सोपा नियम नाही. चांदीचा चमचा काळा पडतो वगैरे निव्वळ थापा.

"मग अळंबी चालते आणि मशरूम का नाही?" असं मी एकदा विचारून पाहिलं.

"अळंबी ती अळंबी," सासूबाई म्हणाल्या. विषय संपला.

अंबरनाथ ओलांडून पलीकडे उल्हासनगरला गेलं, की हा वाद कुणाला समजतच नाही. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ला तिथे उल्हासनगर झालं, पण माणसं पत्ता अजून कॅम्पच्या नंबरानेच सांगतात. कॅम्प चारमधली माझी एक मैत्रीण मशरूमला खुंब म्हणते आणि कांदा-कोथिंबिरीच्या सेयल मसाल्यात शिजवते. "हमारे यहाँ तो जिस दिन नॉनव्हेज नहीं, उस दिन खुंब," असा तिचा सरळ हिशेब. म्हणजे सासूबाईंना ज्या कारणासाठी ते नको, नेमक्या त्याच कारणासाठी तिला हवं.

पाकिटातल्या बटण मशरूमचा खरा ठावठिकाणा म्हणजे संध्याकाळच्या बदलापूर लोकलचा लेडीज डबा. मटार सोलणं, मेथी निवडणं ही तिथली जुनी कामं. आता एखादी मुलगी मांडीवर रुमाल पसरून एकेक बटण पुसत बसते. धुवायचं नाही, पुसायचं, हे तिला कुणीतरी मोबाइलवर शिकवलेलं असतं. समोरची काकू थोडा वेळ बघते आणि विचारते, "मुलाचे दात आहेत का गं?" विठ्ठलवाडीपर्यंत डबा हसत असतो.

खरं तर धुतलं म्हणून काही बिघडत नाही. दोनशे ग्रॅमच्या पाकिटात मुळातच एकशे ऐंशी ग्रॅमच्या वर पाणी असतं, आणि आपल्याला भांडायचंय ते त्या पाण्याशी. देठ काढून टोप्या लोखंडी तव्यावर पालथ्या मांडायच्या, दाटीवाटी न करता. तवा चांगला तापलेला हवा. मीठ अजिबात घालायचं नाही, ते घातलं की टोप्या रडायला लागतात आणि भाजण्याऐवजी शिजतात. आधी काहीच होत नाही. मग तवा चुरचुरतो, कडेने पाणी सुटतं, आटतं, आणि अचानक आवाज बदलतो. ओला चुरचुराट जाऊन कोरडा तडतडाट येतो. तेव्हा उलटायच्या. खाली तपकिरी कड धरलेली असते आणि वास थेट मटणाच्या वाटेने निघालेला असतो. खिडकी उघडावी.

देठ बारीक चिरून त्यात हिरवी मिरची, कोथिंबीर, मिरपूड. मराठी हाताला दाण्याचा कूट घातल्याशिवाय चैन पडत नाही, तोही घालावा. टोप्यांत भरायचं, वर चीज किसायचं, दोन मिनिटं झाकण. पुरे. सोबत नाचणीची भाकरी असली, की जेवण 'हेल्दी' म्हणायला मोकळे.

त्या 'हेल्दी'चा हिशेब मात्र फार बारकाईने करू नये. अख्ख्या पाकीटभर मशरूममध्ये जेमतेम पंचेचाळीस कॅलरी, आणि चीजच्या एकट्या क्यूबमध्ये त्याहून जास्त. मशरूम चीजला अब्रू देतं, चीज मशरूमला चव देतं. दोघं एकमेकांचे जामीन. चीजच्या शाकाहारीपणाचा जामीन तर आणखीच मजेदार. दूध विरजवायला पूर्वी वासराच्या जठरातलं रेनेट लागायचं; आता हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये ते सूक्ष्मजीवांपासून केलेलं असतं, आणि त्यातलं पुष्कळसं चक्क एका बुरशीपासून. जिच्या सोवळेपणाची आपल्याला शंका, तिच्याच नात्यातलं कुणीतरी चीजला सोवळ्यात आणतं.

हे सगळं श्रावणी सोमवारी फार जपून हाताळावं लागतं. सासूबाई सकाळीच अंबरनाथच्या शिवमंदिरात रांगेला जातात. वालधुनीकाठचं हे शिलाहारांचं देऊळ शिलालेखाप्रमाणे शके ९८२चं, म्हणजे १०६०मधलं, आणि सोमवारची गर्दीही तेव्हापासून हललेली नसावी असं वाटतं. संध्याकाळी उपास सोडताना स्वयंपाकघरात काय शिजलंय याची झडती होते. मनुस्मृतीने लसूण, कांदा आणि कवक, म्हणजे हीच आपली छत्री, एकाच श्लोकात एकाच ओळीने बाद केली आहेत. पण आमच्याकडे त्या यादीची अंमलबजावणी निवडक आहे.

मागच्या श्रावणात त्या तव्याशी आल्या, झाकण उचललं, वाकून बघितलं.

"लसूण घातला नाहीस ना?"

"नाही हो, आई."

"कांदा?"

"छे!"

"मग वाढ," त्या पाटावर टेकत म्हणाल्या, "आणि चीज जरा सढळ हाताने घाल. दिवसभराचा उपास आहे."