गुलाबाचे हितशत्रू

घरच्या बागेतला गुलाब कशाने मरतो याची चर्चा करताना उद्यानशास्त्राची पुस्तके मावा, भुरी, लाल कोळी आणि खवले कीड यांना ऐसपैस जागा देतात. ज्या घटकापुढे या चौघांचे काही चालत नाही, त्या मालकाच्या मायेला मात्र साधे परिशिष्टही मिळत नाही. ही उणीव अंशतः भरून काढणे एवढाच प्रस्तुत विवेचनाचा हेतू असून, त्यासाठी पुण्याकडच्या सोसायट्यांतील गॅलऱ्या, गच्च्या आणि बंगल्यांपुढची हातभर माती एवढेच क्षेत्र विचारात घेतले आहे.

गुलाबाच्या गरजा वस्तुतः फार थोड्या आहेत. पाच-सहा तास ऊन, पाणी साचणार नाही अशी माती, अधूनमधून चांगले कुजलेले शेणखत आणि वर्षातून एक छाटणी एवढ्यावर तो समाधानी असतो. पण मालकाचे समाधान एवढ्यावर होत नाही. कुंडीतली माती बोटभर खोल कोरडी झाल्यावाचून पाणी देऊ नये हे माहीत असूनही घरातला प्रत्येकजण येता-जाता तांब्याभर पाणी ओततो, त्यामुळे मुळांना हवा मिळेनाशी होऊन पाने पिवळी पडतात, आणि पिवळी पाने पाहून झाडाला तहान लागली असा निष्कर्ष काढून पाणी दुप्पट केले जाते. चहाच्या चोथ्याची कथा याहून उद्बोधक आहे. मराठी घरात चहा साखर घालूनच उकळत असल्यामुळे न धुता टाकलेला चोथा म्हणजे मुंग्यांना दिलेले आमंत्रणच असते. मुंग्या चोथा संपवून झाडावर चढतात, तिथे मावा, म्हणजे कोवळ्या शेंड्यातला रस शोषणारी बारीक हिरवी कीड, त्यांच्या दृष्टीस पडते, आणि तिच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्याच्या लोभाने त्या तिचे रक्षण करू लागतात, इतके की मावा खायला आलेल्या ढालकिड्यालाही हुसकावून लावतात. सकाळच्या दोन कप चहातून अशी एक दुग्धव्यवसाय सहकारी संस्था कुंडीत स्थापन होते, आणि मालक मात्र ‘खत तर वेळच्या वेळी घालतो’ म्हणून हळहळतो. अंड्यांच्या टरफलांविषयी एवढेच नमूद करणे पुरे की, त्यांतला चुना मातीत उतरायला फार काळ लागतो. शाकाहारी घराने त्यासाठी शेजाऱ्यांकडे शब्द टाकावा एवढे त्यांचे मोल नाही.

मायेचा दुसरा बळी म्हणजे कलमी झाड. नर्सरीतला गुलाब बहुधा एकावर एक अशी दोन झाडे असतो: खाली जमिनीत काटक जातीचा खुंट, आणि त्याची साल चिरून आत बसवलेला हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला सुप्त कोंब. या क्रियेला डोळा भरणे म्हणतात. गव्हावर संशोधन करता करता फावल्या वेळात गुलाबाच्या नव्या जाती घडवणाऱ्या डॉ. बी. पी. पाल यांचा ‘डॉ. होमी भाभा’ हा पांढरा गुलाब कोणी हौसेने आणला, तर कालांतराने जोडाच्या खालून एक जोमदार, सरळसोट फुटवा येतो. तो खुंटाचा असल्याने तळाशीच काढून टाकायला हवा. परंतु एवढी तरारून आलेली फांदी मोडायला हात धजत नाही, उलट तिला काठीचा आधार दिला जातो. मग जुन्या वाड्यातल्या मालकाने भाडेकरूला हळूहळू बाहेर काढावे, तसा खुंट वरच्या जातीला उपाशी ठेवून सारी जागा बळकावतो, आणि पांढऱ्या भाभांच्या जागी बारकी भलतीच फुले आली की दोष नर्सरीवाल्याला लागतो.

तथापि मायेची खरी कसोटी छाटणीत लागते. महाराष्ट्रात पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात रोगट, वाळक्या आणि आत वळलेल्या फांद्या काढून उरलेल्या निम्म्यावर आणाव्यात, सिकेटरचा काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका द्यावा, म्हणजे सहा ते आठ आठवड्यांत झाड नव्याने फुलते, हे सर्वांना पाठ असते. पण नेमकी तेव्हा शेंड्याला एक कळी असते. ती उमलू दे, मग बघू, असे ठरते. ती उमलेपर्यंत शेजारी दुसरी येते, दिवाळी जाते, संक्रांत जाते, आणि उन्हाळ्यात छाटायचे नसते यावर घरात प्रथमच एकमत होते. अशा रीतीने काही वर्षांत तळमजल्यावरच्या झाडाची काठी होऊन तिचे एकुलते फूल पहिल्या मजल्यावरच्यांना दिसू लागते. सुकलेले फूलही पाकळ्या गळेपर्यंत काढले जात नाही. त्याचे फळ धरले की बी झाल्याचे समाधान मानून झाड नव्या कळ्यांचा उत्साह आवरते, हे कोणी ध्यानात घेत नाही.

या परिस्थितीत गुलाबाचा एकमेव निःस्वार्थी माळी म्हणजे पहाटे पिशवी घेऊन फिरणारा फुलचोर होय. देवासाठी नेलेले फूल ही चोरी नव्हे, हा त्याचा सिद्धांत सोसायटीच्या सभेत कितीदाही खोडून काढला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आत पुन्हा सिद्ध होतो. आणि तो फळ धरू देत नसल्यामुळे कुंपणाबाहेर झुकलेली फांदी आतल्या फांद्यांपेक्षा अधिक फुलते. चोर आणि वनस्पतिशास्त्र यांचे नाते तसे जुनेच आहे. फ्रान्समधील बोर्डोजवळच्या मेदोक भागात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे निळसर मिश्रण शिंपडत. १८८२च्या सुमारास प्राध्यापक पिएर मिलार्दे यांच्या लक्षात आले की केवडा रोगातून नेमक्या त्याच वेली वाचल्या आहेत, आणि १८८५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज नाशिकचा बागायतदार फवारतो ते बोर्डो मिश्रण हेच, आणि छाटलेल्या गुलाबाच्या टोकांना लावतात ती बोर्डो पेस्ट त्याचेच दाट रूप. पुण्याच्या फुलचोरावर मात्र तिचा परिणाम होत नाही, कारण ती फांदीला लागते आणि त्याला हवे असते फूल.

त्याचा एकच दोष आहे: काट्यांच्या भीतीने तो देठ पिरगळून ओढतो, साल सोलवटते आणि तिथून फांदी खाली वाळत जाते. तेव्हा पहाटेच्या सर्व भाविकांस विनंती की, त्यांनी पिशवीसोबत एक धारदार कात्री बाळगावी, फुलालगतची तीन पर्णिकांची पाने सोडून खाली पाच पर्णिका असलेले पहिले पान शोधावे आणि त्याच्या किंचित वर तिरका काप द्यावा. आणि वेळ असल्यास जोडाखालचा फुटवाही काढून न्यावा, कारण मालकाकडून ते होणार नाही.