डक्टभाऊ

न्यू जर्सीतल्या कुठल्याही मराठी मंडळात एखादा डक्टभाऊ असतोच. ओळख झाल्यावर तो गाव विचारत नाही, नोकरी विचारत नाही, विचारतो, "घर कुठल्या सालचं?" आपण १९९८ म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. असल्या घरात डक्ट आधीपासूनच असतात, मग बोलायचं काय?

त्याचं स्वतःचं घर १९२६ चं. खिडक्यांखाली बिडाचे रेडिएटर, वाफ शिरली की रात्री-अपरात्री ठणठणणारे. ते उपटून घरभर गरम हवेचे डक्ट फिरवायचे, म्हणजे त्यांतूनच उन्हाळ्यात एसीही, असा त्याचा संकल्प. जुन्या पाइपांवरचं ॲस्बेस्टॉस काढायला परवानावाले बोलवावे लागले, त्याचा आकडा मात्र तो सांगत नाही.

गणपतीच्या आरतीला हात जोडलेले, पण नजर मूर्तीच्या वर, छताच्या कोपऱ्यात. आरती संपायच्या आत यजमानाच्या कानाशी लागतो : "रिटर्न कुठे ठेवलाय?" खोलीत हवा सोडायला सप्लाय सगळेच टाकतात; ती फर्नेसकडे परत न्यायची वाट विसरतात. मग दार लावलं की हवा कोंडते आणि नवी गरम हवा आत यायला कुरकुरते. म्हणणं शंभर टक्के खरं. फक्त, समोरच्याच्या हातातला प्रसाद तसाच राहतो.

तळमजल्याचं काम बेसमेंटमधून निभावलं. वरच्या मजल्याला पेच पडला. जमिनीखालच्या दहा इंची लाकडी तुळईला, म्हणजे जोइस्टला, उंचीच्या एक तृतीयांशाहून मोठं भोक पाडता येत नाही आणि याचा डक्ट सहा इंची. तेव्हा मार्ग निघाला वहिनींच्या क्लॉझेटमधून. आता तिथे जमिनीपासून छतापर्यंत पत्र्याचं धूड उभं आहे. सांध्यांवर मॅस्टिकचा करडा लेप, त्यात भाऊंच्या अंगठ्याचा ठसा वाळून बसलेला. पैठण्या वहिनींनी पुण्याला आईकडे धाडल्या. "टेप नाही लावली होय?" असं कुणी विचारावं, याची तो वाटच पाहत असतो. डक्ट टेप डक्टवर टिकत नाही, हे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्येच तपासून दाखवलंय, हे ऐकल्याशिवाय त्याच्या घरी कुणाला चहा मिळालेला नाही.

भिंतीवर बिनडक्टचा मिनी-स्प्लिट एसी लावा, काही फोडावं लागणार नाही, असं एका कारागिराने सुचवलं होतं. त्याला पुन्हा बोलावलं नाही.

परवा वहिनी स्वयंपाकघरातून आईशी फोनवर बोलत होत्या. घराचं वाटोळं, क्लॉझेट, पैठण्या, यांचं डोकं. सगळं मनसोक्त झालं. वरच्या खोलीत भाऊ रिटर्नच्या जाळीला कान लावून बसले होते. शब्द न् शब्द पोचला. धाडधाड खाली आले. वहिनी जरा वरमल्या.

"अगं, आवाज फार येतोय," भाऊ म्हणाले, "रिटर्नला आतून लायनिंग करावं लागणार. उद्या परत उघडतो."